मनगटाएवढी साखळी

आमच्या शाळेतल्या एक सहकारी बाई एके दिवशी वडिलांचे घड्याळ घालून आल्या. वडील जाऊन महिना झाला होता. घड्याळ किल्लीचे, पांढऱ्या तबकडीचे, स्टीलच्या साखळीचे. वडिलांचे मनगट चांगले रुंद होते, बाईंचे अगदी बारीक. फळ्यावर लिहायला हात वर केला की घड्याळ घसरत कोपराकडे जाई आणि हात खाली आणला की तळहाताशी येऊन आदळे. मुले हसायला लागली तेव्हा बाईंनी ते पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली.

आम्ही पडलो विज्ञानाचे शिक्षक. दोन कड्या काढायच्या, त्यात काय मोठेसे, असे म्हणून प्रयोगशाळेतल्या टेबलावर ते काम अंगावर घेतले. कंपासपेटीतल्या कर्कटकाचे टोक पिनेवर टेकवले आणि लहान हातोडीने ठोकले. पिन हलली नाही. आणखी जोराने ठोकले. कर्कटकाचे टोक वाकले, कडीवर एक लांब ओरखडा उठला आणि पिन होती तिथेच राहिली. बाई काही बोलल्या नाहीत, पण तो ओरखडा त्यांनी बोटाने चाचपून पाहिला, हे आमच्या लक्षात राहिले.

शेवटी बाजारातल्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, साखळी उलटी केली, जुन्या दात घासायच्या ब्रशने आतला मळ काढला आणि विचारले, "सर, बाण बघितला नाहीत का?" कडीच्या आतल्या बाजूला, जी मनगटाला टेकते तिथे, तिळाएवढा बाण कोरलेला होता. आम्ही पिन बाणाच्या उलट दिशेने ठोकत होतो. घड्याळजींनी तेलाचा एक थेंब सोडला, चहा येईपर्यंत थांबले, मग दोन हलके ठोके दिले. पिन बाहेर आली.

तो बाण आमच्या डोक्यातून जाईना. बाण ही सूचना आहे, आणि ती कोरणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे: ही साखळी कारखान्याबाहेर, कोणीतरी अनोळखी माणूस उघडणार आहे. एखाद्या बाईच्या हाताला पाटली करून देणारा सोनार असा बाण कोरत नाही, कारण त्याला मापाचा हात समोर दिसत असतो. घड्याळाच्या साखळीच्या बाबतीत मात्र माप जुळवण्याचे काम कारागिराच्या हातून सुटून दुकानदाराकडे आणि तिथून घालणाऱ्याच्या स्वतःच्या टेबलावर आले. हे शे-दीडशे वर्षांत कसे घडले ते पाहण्यासारखे आहे.

खिशातून मनगटावर

घड्याळ खिशात होते तोवर मापाचा प्रश्नच नव्हता. खिसा कोणालाही होतो. मनगटावरची घड्याळे अधूनमधून होत, पण ती दागिना म्हणून आणि एकाच व्यक्तीसाठी. पॅरिसचे प्रसिद्ध घड्याळकार अब्राहम-लुई ब्रेगे यांच्याकडे नेपल्सची राणी कॅरोलाइन म्यूरा हिने १८१० मध्ये असे एक घड्याळ सांगितले आणि १८१२ मध्ये ते पुरे झाले. ब्रेगे यांच्या वह्यांतील नोंदींनुसार त्याचा पट्टा केस आणि सोन्याची तार एकत्र गुंफून केलेला होता. तो राणीच्या हाताला बरोबर बसला असणार. दुसऱ्या कोणाच्या हाताला तो बसावा अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

पुरुषांच्या मनगटावर घड्याळ आले ते हात रिकामे नसलेल्या लोकांमुळे. १९०४ मध्ये लुई कार्तिए यांनी ब्राझीलचे वैमानिक अल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांच्यासाठी मनगटी घड्याळ केले, कारण उड्डाणात दोन्ही हात विमानात गुंतलेले असताना खिशातून घड्याळ काढणे जमत नव्हते. पुढे १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात तोफखान्याचा मारा ठरलेल्या मिनिटाला पुढे सरके आणि त्यामागून पायदळ चाले. मिनिटाची चूक म्हणजे आपल्याच तोफांखाली सापडणे. खंदकातल्या अधिकाऱ्यांनी घड्याळे मनगटाला बांधली. त्या काळच्या पुष्कळ घड्याळांना तारेचे दोन कान डाग देऊन जोडलेले असत आणि त्यांतून चामड्याचा पट्टा ओवलेला असे.

चामड्यापुरता मापाचा प्रश्न हजारो वर्षांपूर्वीच सुटलेला होता. कमरेच्या पट्ट्याला, घोड्याच्या खोगिराला जी युक्ती, तीच इथे: ओळीने सात-आठ भोके आणि एक बक्कल. भोक कमी पडले तर दाभणाने आणखी एक पाडा. त्यातून चामडे मुळातच थोडे ताणते, थोडे वाकते, अंगासरशी बसते. पण चामड्याला घाम सोसत नाही. कोकणात एक पावसाळा काढलेला चामड्याचा पट्टा ज्याने पाहिला (आणि हुंगला) आहे, त्याला धातूचा पट्टा का हवासा वाटतो हे वेगळे सांगायला नको.

न गंजणारे, पण ताठ

धातू हवा, पण कोणता? सोने महाग, चांदी मऊ आणि काळी पडणारी. पितळेवर सोन्याचा पातळ पत्रा चढवलेले पट्टे बरेच चालले, पण पत्रा झिजला की खालचे पितळ घामाने हिरवे होई. साधे पोलाद गंजे. उत्तर मिळाले ते वेगळ्याच कामातून. शेफील्डच्या प्रयोगशाळेत हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजतात त्यावर उपाय शोधत होते. ऑगस्ट १९१३ मध्ये त्यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले आणि ते नेहमीच्या रसायनांनी खाल्ले जात नाही असे त्यांच्या ध्यानात आले. त्याच सुमारास, १९१२ मध्ये, जर्मनीत एसेनच्या क्रुप कारखान्याने क्रोमियमबरोबर निकेलही घातलेल्या पोलादाचे पेटंट घेतले होते. पुढे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल हे प्रमाण रूढ झाले. आपल्या स्वयंपाकघरातली स्टीलची भांडी आणि घड्याळाची साखळी ही या पोलादाच्याच कुळातली. १९३० च्या दशकातल्या काही घड्याळांच्या केसवर 'स्टेब्राइट' असा शिक्का आढळतो, तो याच प्रकारच्या पोलादाचा.

हे पोलाद गंजत नाही याचे कारण मुलांना सांगताना आपण पुष्कळदा अर्ध्यावर थांबतो. क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बनतो. तो घट्ट आणि पारदर्शक असतो. ओरखडा उठला तर उघडा पडलेला धातू पुन्हा ऑक्सिजन घेऊन स्वतःवर नवा थर चढवतो. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचा भाग असा की थर पुन्हा बनायला ऑक्सिजन पोहोचावा लागतो. साखळीच्या दोन कड्यांमधल्या फटीत, पिनेच्या भोवती, घाम आणि मळ साचतो. तिथे ऑक्सिजन कमी आणि घामातल्या मिठाचे क्लोराइड मात्र भरपूर. म्हणून बाहेरून आरशासारखी चकचकीत असलेली साखळी आत पिनेपाशी गंजलेली निघते. बाईंच्या घड्याळाची पिन हलली नाही त्याला आमच्या उलट्या ठोक्यांइतकाच वडिलांचा कित्येक वर्षांचा घाम कारण होता.

स्टीलने गंजाचा प्रश्न बराचसा सोडवला आणि मापाचा प्रश्न नव्याने उभा केला. स्टीलला दाभणाने भोक पाडता येत नाही. ते ताणत नाही. ताठ तुकडे जोडून साखळी करावी तर तिची लांबी एकेका तुकड्याच्या पटीतच बदलणार, आणि मनगट काही तुकड्यांच्या पटीत वाढलेले नसते. शिवाय तेच मनगट सकाळी एक असते आणि उन्हातून चालून आल्यावर दुसरे, कारण उष्णतेने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात.

एक उत्तर ब्रिटनमध्ये निघाले. 'बॉनक्लिप' नावाचा पट्टा शिडीसारखा होता. आडव्या पट्ट्यांपैकी हवी तिला आकडा अडकवायचा आणि उरलेली शेपटी आत दुमडायची. हत्यार नको, कारागीर नको. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या घड्याळांना असे पट्टे असत. म्हणजे बेल्टच्या भोकांचीच युक्ती धातूत उतरवली होती. दुसरे उत्तर स्प्रिंगचे, आणि त्याची हकीकत जरा सविस्तर सांगायला हवी.

फोर्त्सहाइमची स्प्रिंग

स्प्रिंगचे आणि घड्याळाचे नाते जुने. रॉबर्ट हूक यांनी स्प्रिंगचा नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला: स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या प्रमाणात ती मागे ओढते. त्याच सुमारास, १६७५ मध्ये, हायगेन्स यांनी घड्याळाच्या तोलचक्राला केसासारखी बारीक स्प्रिंग बसवली आणि खिशातले घड्याळ विश्वासाने वेळ दाखवू लागले. ही कल्पना आधी आपली, असे हूक यांचे म्हणणे होते आणि तो वाद बराच गाजला. घड्याळाच्या आत बसलेला हा नियम बाहेर पट्ट्यात यायला मात्र सव्वादोनशे वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोकळ कड्यांत बारीक स्प्रिंगा घातलेले, ताणून हातात चढवायचे बायकांचे पट्टे युरोपात मिळू लागले.

जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तर टोकाला फोर्त्सहाइम नावाचे गाव आहे. १७६७ मध्ये बाडेनचा मार्ग्रेव्ह कार्ल फ्रीड्रिश याने तिथल्या अनाथाश्रमात घड्याळे आणि दागिने करण्याचा कारखाना सुरू करवला. अनाथ मुलांच्या हाताला काम मिळावे हा हेतू. त्यातून हळूहळू सगळे गावच दागिन्यांचे झाले; जर्मन लोक त्याला सोन्याचे शहर म्हणतात. बारीक साखळ्या ओढणारे, कड्या वळणारे, पत्रे चढवणारे कारागीर घरोघरी होते. असे कारागीर बारीक यंत्रभागही करू शकतात, आणि ते लढाईच्या कामी येत असल्याचा संशय शत्रूला होताच. २३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी या गावावर सुमारे वीस मिनिटे बॉम्ब टाकले. सतरा हजारांहून अधिक माणसे मेली. गावाचा मध्यभाग जवळजवळ नाहीसा झाला. युद्ध संपायला तेव्हा अडीच महिनेही उरले नव्हते.

या फोर्त्सहाइममधल्या रोडी अँड वीनेनबेर्गर या कंपनीकडून युद्धानंतर, १९५० च्या दशकात, 'फिक्सोफ्लेक्स' हा पट्टा आला. रचना कार्ल श्टिगेले यांची. पोकळ कड्यांच्या दोन रांगा, एक वर आणि एक खाली. वरची प्रत्येक कडी खालच्या दोन कड्यांच्या सांध्यावर बसलेली, विटांच्या भिंतीसारखी. प्रत्येक कडीत एक वाकवलेली पोलादी पट्टी. मालमोटारीच्या चाकांवर जे पाटे असतात त्यांचीच ही चिमुकली भावंडे. वरच्या आणि खालच्या कड्या दोन्ही कडांना इंग्रजी यू आकाराच्या छोट्या चापांनी जोडलेल्या. पट्टा ओढला की चाप कलंडतात, कलंडताना आतल्या पाट्यांना दाबतात. सोडला की पाटे चापांना पुन्हा उभे करतात. पट्टा ताणतो, वळतो, पिळवटतो आणि मूळ जागी येतो. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातल्या स्पायडेल कंपनीने हाच पट्टा १९५९ मध्ये 'ट्विस्ट-ओ-फ्लेक्स' या नावाने बाजारात आणला आणि जाहिरातीत त्याची चक्क गाठ मारून दाखवली.

आपल्याकडे 'स्प्रिंगचा पट्टा' म्हणून जो ओळखला जातो तो हाच किंवा याचे अनुकरण. मनगटावरचे केस उपटणारा हा पट्टा आमच्या काकांच्या हातात होता आणि तो ताणून 'टक्' असा सोडायला मिळावा म्हणून आम्ही भावंडे भांडत असू.

या पट्ट्याने मापाचा प्रश्न दोन पायऱ्यांत सोडवला. रोजचा फरक स्प्रिंग सांभाळी. मूळ मनगटच बारीक असेल तर कडांचे पातळ कान नखाने किंवा बारीक पेचकसाने उचलून चाप सरकवायचे, मधल्या कड्या काढायच्या आणि पुन्हा चाप बसवायचे. ठोकाठोकी नाही. मनगटी घड्याळाच्या इतिहासात धातूच्या पट्ट्याचे माप घरच्या घरी बदलणे मोठ्या प्रमाणावर शक्य झाले ते इथे, असे आम्हाला वाटते.

तो इतका खपला की त्याच्यावरून खटला झाला. हेन्री शोवेल या ब्रिटिश कंपनीने जवळजवळ तसाच पट्टा काढला, पण एक फरक करून. दोन कडांना दोन वेगळे यू चाप घालण्याऐवजी त्यांनी कडीच्या रुंदीभर जाणारा सी आकाराचा एकच चाप घातला. काम तेच, ताण तोच. पेटंटच्या मागणीत मात्र यू आकाराचे चाप असे स्पष्ट लिहिलेले होते. खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत, हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यायाधीशांनी बहुमताने निर्णय दिला की पेटंटचा भंग झालेला नाही. ज्याने यू लिहिले त्याला सी मागता येणार नाही. एकमत मात्र झाले नाही. शोधाचा गाभा उचलला की त्याचे शब्द टाळले, हा वाद पुढच्या खटल्यांतही चालू राहिला आणि पेटंट कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा पट्टा अजून भेटतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चापावर देशातल्या सर्वात वरच्या न्यायाधीशांनी डोके खपवले याची आम्हाला गंमत वाटते. पण 'व्याख्येत नेमके काय लिहावे' हे वर्गात शिकवताना याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

स्प्रिंगच्या पट्ट्याला दोष होतेच. सतत ताणून स्प्रिंग थकते, कड्यांच्या फटी मोठ्या होतात, मळ साचतो. आणि पट्टा कायम मनगट दाबत राहतो.

चिरलेली पिन

टिकले ते तिसरे उत्तर: काढता येणारी कडी. जिनिव्हाच्या १८३५ पासूनच्या गे फ्रेर या पेढीने कित्येक नामवंत घड्याळांच्या साखळ्या केल्या (१९९८ मध्ये रोलेक्सने ती विकत घेतली). १९४० आणि १९५० च्या दशकांतल्या तिच्या पुष्कळ साखळ्यांत कड्या रिव्हेटने जोडलेल्या असत. रिव्हेटचे डोके ठोकून चपटे केलेले. ते काढायचे तर घासावे किंवा तोडावे लागे, आणि परत बसवायला कारागीर हवा. पुढे रिव्हेटची जागा पिनेने घेतली, आणि महाग घड्याळांत स्क्रूने.

पिन साधी दिसते पण तिच्यातही स्प्रिंग आहे. तिचे एक टोक उभे चिरलेले असते आणि चिरेच्या दोन फाका किंचित फाकलेल्या असतात. भोकात शिरताना त्या जवळ येतात आणि आत बसल्यावर भोकाच्या भिंतींना बाहेर रेटत राहतात. त्या रेट्यामुळे घर्षण, आणि घर्षणामुळे पिन हातातून सुटत नाही. न चिरलेल्या टोकाला दाबले तर जाड टोक जवळच्या तोंडाने लगेच बाहेर पडते. चिरलेल्या टोकाला दाबले तर तेच जाड टोक कडीच्या सगळ्या रुंदीतून फरफटत न्यावे लागते. बाण दाखवतो ती पिन बाहेर काढण्याची दिशा. परत घालताना बाणाच्या उलट, न चिरलेले टोक पुढे. फाका वाकताना स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत राहिल्या तर पिन पुन्हा पुन्हा वापरता येते. हातोडीने मर्यादा ओलांडली की ती नुसती तार उरते, आणि तशी तार घातलेली साखळी एखाद्या दिवशी बसच्या पायरीवर सुटते. म्हणून वाकलेली पिन परत घालू नये, नवी आणावी; ती फार स्वस्त मिळते.

काही साखळ्यांत पिन गुळगुळीत असते आणि पकड मधल्या कडीतल्या एका बारीक नळीत असते. पिन काढताना ही नळी न सांगता खाली पडते. आमची पडली होती. घरी स्वतःच्या घड्याळावर सराव करताना सगळे नीट जुळवले, पिन घातली, आणि ती आपोआप सरकून बाहेर आली. नळी दुसऱ्या दिवशी केर काढताना सुपलीत सापडली. तेव्हापासून आम्ही पांढरा कागद पसरून, चारी कडा वर दुमडून, मगच कामाला बसतो.

हत्यारे फारशी लागत नाहीत. एक लाकडी ठोकळा घ्यावा, त्यात करवतीने खाच पाडावी म्हणजे साखळी कडेवर उभी राहते, आणि खाचेच्या तळाशी पिन पडायला एक भोक असावे. पिनेहून बारीक, सपाट टोकाचा पंच बाजारात मिळतो. शिवणयंत्राची मोडकी सुई टोक घासून वापरता येते, पण ती ठिसूळ असते आणि तुकडा उडतो. चष्मा लावूनच ठोकावे. जुन्या साखळीला आधी साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने धुऊन कोरडे करावे, मग तेलाचा थेंब सोडून थांबावे. आमच्यासारखी घाई करू नये.

किती कड्या?

इथे गणिताच्या शिक्षकांना एक मेजवानी आहे. समजा साखळी मनगटाच्या घेरापेक्षा १६ मिलिमीटरने मोठी आहे. ती सगळीकडून सारखी सुटी धरली तर मनगट आणि साखळी यांत फट किती? सोळा भागिले दोन पाय, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर. गंमत अशी की या उत्तरात मनगटाची जाडी कोठेच येत नाही. पृथ्वीभोवती बांधलेल्या दोरीला एक मीटर जोड दिला तर ती जमिनीपासून किती वर उठेल, हे जुने कोडे आठवावे. पृथ्वी असो की लिंबू, उत्तर सोळा सेंटिमीटरच. मनगट गोल नसून लंबगोल असते, पण आकार फुगीर असला, कोठे आत खोलगट नसला, तर हेच सूत्र तसेच लागू पडते. म्हणून पैलवानाला आणि सहावीतल्या मुलीला साखळीत सोडायची ढील जवळपास सारखीच. जोखायला सोपी रीत म्हणजे लॉकखाली करंगळी जेमतेम जावी.

आता एका कडीची लांबी ८ मिलिमीटर असेल तर दोन कड्या काढून बरोबर १६ कमी होतील आणि अजिबात ढील राहणार नाही. एकच काढली तर ८ उरतील, ते थोडे जास्त. इथे लॉकच्या पत्र्यातली बारीक भोके कामाला येतात. त्यांतली स्प्रिंगची काडी दाबून एका भोकातून दुसऱ्यात सरकवायची. भोके दोन-दोन मिलिमीटरवर आणि चार असतील तर शून्य, दोन, चार, सहा असा फरक करता येतो आणि पुढचा आठचा टप्पा कडीच देते; म्हणजे दर दोन मिलिमीटरला एक माप मिळाले. सूक्ष्मदर्शकाला स्थूल आणि सूक्ष्म अशी दोन चाके असतात तसेच हे. भोके तीनच असतील तर कोणते माप मिळणार नाही, आणि अर्ध्या लांबीची एखादी कडी घातली तर ती उणीव कशी भरते, हे मुलांकडून काढून घ्यावे.

कड्या दोन्ही बाजूंनी काढाव्यात, नाही तर लॉक मनगटाच्या मध्याऐवजी कडेला जाते आणि वहीवर लिहिताना टोचते. विषम संख्या असेल तर तबकडीच्या सहाच्या अंकाकडची एक जास्त काढतात.

बोटाने उघडणारी कडी

आपल्याकडे १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि मनगटी घड्याळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. दहावी पास झाल्यावर, नोकरी लागल्यावर, लग्नात जावयाला द्यायची ती वस्तू झाली. हा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण त्याची घड्याळे अजून चालताहेत. पुष्कळ घरांत चामड्याचा पट्टा खराब झाला की स्टीलची साखळी वेगळी आणून बसवत. ते जमे, कारण पट्टा अडकवायच्या दोन टोकांमधले अंतर १८ किंवा २० मिलिमीटर अशा ठरावीक मापांतच ठेवलेले असे, आणि केसला पट्टा धरून ठेवणारी स्प्रिंगची काडीही त्याच मापांत मिळे. एका कारखान्याचे घड्याळ, दुसऱ्याची साखळी आणि रस्त्याच्या कडेला काचेची पेटी मांडून बसलेल्या घड्याळजींचा हात, अशा तिघांच्या जोडकामातून माप जुळे.

अलीकडे घड्याळजींचीही गरज उरू नये असे प्रयत्न झाले आहेत. २०१५ मध्ये ॲपलच्या घड्याळाच्या स्टीलच्या साखळीत कडीच्या आत एक बटण आले. दाबले की कडी सुटते. २०१८ मध्ये कार्तिए कंपनीने सांतोस या आपल्या घड्याळाला तशीच, हत्याराशिवाय निघणारी कडी दिली. सांतोस-द्युमाँ यांच्या चामड्याच्या पट्ट्यापासून तिथे यायला ११४ वर्षे लागली. या साखळ्या अजून फार महाग आहेत. बाकी बहुतेकांच्या साखळीत अजून चिरलेली पिन आहे आणि आत तो बाण आहे.

बाईंच्या घड्याळाच्या घड्याळजींनी दोन कड्या काढल्या, दोन्ही बाजूंची एकेक, आणि लॉकची काडी एका भोकाने सरकवली. ओरखड्यावरून त्यांनी पॉलिशचा कपडा फिरवला. तो पुसट झाला, गेला नाही. पैसे किती विचारल्यावर "चहा तुमचा झाला ना" म्हणाले. मग काढलेल्या कड्या आणि पिना त्यांनी एका छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाईंच्या हातात दिल्या आणि बजावले की या टाकायच्या नाहीत. बाईंचा मुलगा तेव्हा सातवीत होता आणि हाडापेराने आजोबांवर गेलेला. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या पर्समधून पेन काढले आणि पिशवीवर लिहिले: बाबांच्या घड्याळाच्या कड्या, दोन.